एकशे एकावं डोकं

आमच्या स्टुडिओचं दरपत्रक मी केलं होतं. फोटो काढते ती माझी लेक, मी नुसता तिचा बाप. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं आणि मग घरी बसून भिंतींना पाढे ऐकवण्यापेक्षा तिच्या काउंटरवर बसू लागलो. माझ्याकडे दोन कामं. आलेल्या माणसाला भाव सांगायचा, आणि फोटोच्या वेळी लहान मुलांना जागेवर बसवायचं. दुसरं काम मला मनापासून आवडतं. पहिल्याचा मला गर्व होता. त्या गर्वापायी एक बाई स्वतःच्या घरच्या फोटोतून बाहेर राहायची वेळ आली, आणि ते मला अगदी शेवटच्या घटकेपर्यंत कळलं नाही.

मोठ्या कुटुंबाच्या फोटोचा भाव ठरवणं वाटतं तितकं सोपं नसतं. पाच माणसं उभी केली की पाच मिनिटांत काम उरकतं. पन्नास उभी केली की दहापट नाही, तीसपट वेळ जातो, कारण पन्नासातल्या एकाचे डोळे नेमके मिटलेले असतात आणि तो एक जण दर वेळी वेगळा असतो. म्हणून मी डोक्यामागे दर ठेवला होता. शंभर माणसांपर्यंत माणशी ऐंशी. शंभराच्या वर गेलं की रुंद लेन्स भाड्याने आणावी लागते, हाताखाली एक माणूस जास्त लागतो, म्हणून मग माणशी एकशे दहा. सुवाच्य अक्षरात लिहून, चौकट आखून ते कार्ड मी काउंटरच्या काचेखाली सरकवलं होतं. लेक म्हणाली, "बाबा, हे फळ्यावरच्या गणितासारखं दिसतंय." मला ते कौतुक वाटलं.

त्या कार्डात एक चूक होती. तुम्हाला दिसली का? घाई करू नका, मलाही दिसली नव्हती.

एके दिवशी दुपारी एक गृहस्थ आले. साठी ओलांडलेले, खिशाला दोन पेनं, हातात चार पदरी घडी घातलेला कागद. घरात सगळे मला हिशेबी काका म्हणतात, असं त्यांनी स्वतःच सांगितलं, आणि त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं.

"आमच्या आईचा फोटो काढायचाय," ते म्हणाले. "म्हणजे आईसकट सगळ्यांचा. तिला आम्ही जिजी म्हणतो. चौऱ्याण्णव वर्षांची आहे. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, अजून सहा-आठ महिने दिसेल, पुढचं सांगता येत नाही. तर तिचं म्हणणं, दिसतंय तोवर सगळे एका जागी बघायचेत. आहेत नाहीत तेवढे सगळे. आणि मग त्याचा मोठा फोटो हवाय, भिंगातून बघायला."

"किती जण?"

त्यांनी घडी उलगडली. "तान्ह्या बाळाचं काय करता?"

"डोकं आहे ना त्याला? मग एक."

"अर्धं धरा, मास्तर."

"अर्धं बाळ फोटोत कसं बसवू?"

काका हसले, पण पेन उघडंच होतं. कार्ड त्यांनी दोनदा वाचलं. मग कागदाच्या कोपऱ्यात गुणाकार केला, मान हलवली, पुन्हा केला. मी शेजारच्या गिऱ्हाइकाला पासपोर्टचे फोटो कापून देत होतो, तेवढ्यात ते बाहेर पायरीवर जाऊन उभे राहिले. बऱ्याच वेळाने आत आले.

"शंभर," ते म्हणाले. "पक्के शंभर."

"वा! गोल संख्या," मी म्हणालो. खरंच तसं म्हणालो. गणिताच्या माणसाला गोल आकडा दिसला की त्याची अक्कल थोडी रजेवर जाते. आठ हजारांवर बोलणं झालं, काकांनी अर्धे आगाऊ दिले, आणि मी पावतीवर ऐटीत लिहिलं : शंभर गुणिले ऐंशी.

आता चूक सांगतो. शंभर माणसांचे आठ हजार. एकशे एक झाली की सगळ्यांनाच एकशे दहाचा दर, म्हणजे अकरा हजार एकशे दहा. एक माणूस वाढला की तीन हजारांच्या वर भुर्दंड. त्या एकट्या माणसाच्या डोक्यावर मी अडतीस-एकोणचाळीस माणसांचा भार ठेवला होता. सहावीच्या मुलाने अशी पायरी केली असती तर मी त्याला फळ्यापाशी बोलावून विचारलं असतं, "बाळा, या शेवटच्याने काय घोडं मारलंय?" काकांच्या कागदावर एकशे एक नावं होती. बाहेर पायरीवर उभं राहून त्यांनी त्यातलं एक खोडलं होतं.

ठरलेल्या दिवशी आम्ही सकाळी आठलाच पोचलो. एका सभागृहाच्या मागच्या बाजूला रुंद पायऱ्या होत्या, समोर फरशीचं अंगण. आभाळ भरलेलं, त्यामुळे उजेड सगळीकडे सारखा, कुणाच्या नाकाखाली सावली नाही. लेकीने ट्रायपॉड लावला, खडूने फरशीवर खुणा केल्या, आणि माणसं येऊ लागली.

मी तोवर शेकड्याने मुलं पाहिलेली, संमेलनं पाहिलेली. पण हे काही वेगळंच होतं. गाड्यांतून, रिक्षांतून, चालत, कुणी सामानाच्या टेम्पोत मागे बसून. "अगं बाई, तू किती वाळलीस!" "तू मात्र दोघांचं खातोस वाटतं!" "मामा, ओळखलं का?" "ओळखलं रे, उधारी फेडलीस की आणखी ओळखेन." एकाच्या कडेवरचं मूल दुसऱ्याच्या कडेवर जायचं आणि तिसऱ्याच्या कडेवर सापडायचं. आणि या सगळ्याच्या मधोमध, हात असलेल्या लाकडी खुर्चीत, जिजी. इतकी लहानखुरी की खुर्चीचे हातच आधी नजरेत भरायचे. अंगावर शाल, पायांत लोकरीचे मोजे, नाकावर जाड भिंगांचा चष्मा.

तिच्यापाशी पन्नाशीची एक बाई होती. तिने जिजीचे केस नीट केले, शालीचं टोक खोचलं, मोजा वर ओढला. हे सगळं न विचारता, न बोलता. लेकीने सांगितलं, "आजींचा चष्मा फोटोपुरता काढूया, काचेत आभाळ चमकतंय," तेव्हा त्या बाईनेच तो काढला, पदराने पुसला आणि हातात धरून कॅमेऱ्याच्या मागे, माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

मला वाटलं, जिजींना सांभाळणाऱ्या असतील. बोलायचं म्हणून विचारलं, "तुम्ही जिजींच्या कोण?"

"मी?" ती म्हणाली. "मी चष्मा धरते."

रांगा लावायला तास गेला. सगळ्यात पुढे फरशीवर मुलं. त्यांच्यामागे खुर्च्यांवर वडीलधारे, मध्ये जिजी. मग चार पायऱ्यांवर बाकीचे. पहिल्या पायरीवर, बरोबर जिजीच्या पाठीमागे, मी हातभर जागा मोकळी ठेवली. ही आमची पद्धत. सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या मागे कुणाचं पोट किंवा चट्ट्यापट्ट्यांचा सदरा आला की त्याचा चेहरा हरवतो.

मग माझं आवडतं काम. पुढे बावीस मुलं मांडी घालून बसली होती आणि बावीसच्या बावीस चुळबुळत होती. मुलांना 'गप्प बसा' म्हणू नये, त्यांना काम द्यावं. मी म्हणालो, "आपल्याला सगळी माणसं मोजायचीत. पण एकेक करून मोजलं तर जेवायची वेळ होईल. मग कसं मोजायचं?"

समोरचे दोन दात पडलेली एक मुलगी म्हणाली, "लांगेलांगेने."

"शाब्बास. प्रत्येक रांगेच्या टोकाचा माणूस आपल्या रांगेचा आकडा ओरडेल. तुम्ही बेरीज करायची. बोटं चालतील, मान वळलेली चालणार नाही."

मोठी माणसंही खुशीत आली. "खुर्च्या, अकरा!" "पहिली पायरी, पंधरा!" "दुसरी, सतरा!" "तिसरी, सतरा!" सगळ्यात वरून एका दणकट आवाजात, "अठरा! आणि एकाला ढेरी आहे, दोन धरा!" हशा पिकला. मुलं ओठ हलवत होती. दातपडकीने डोळे मिटून घेतले होते.

तेवढ्यात लेकीने मला खुणेने बोलावलं. "बाबा, इकडे या. यातून बघा." तिचा आवाज मला नेहमीचा वाटला नाही.

मी कॅमेऱ्याला डोळा लावला. "काय बघू?"

"माना बघा."

जिजी बसली होती, बिनचष्म्याची, समोर नुसतं धुकं दिसत असणार. कुणीतरी दारात येणार आहे आणि त्याची चाहूल घ्यावी तशी तिने मान किंचित डावीकडे कलती ठेवली होती. तिच्या शेजारी तिचा मोठा मुलगा, ऐंशीला टेकलेला, तशीच मान. दुसऱ्या पायरीवर त्याची नात, तशीच. फरशीवर डोळे मिटलेली दातपडकी, तशीच. माझा डोळा एकीकडून दुसरीकडे जाऊ लागला आणि जाईल तिथे ती मान भेटू लागली. वाऱ्याची एक झुळूक शेतावरून जावी आणि कणसं एकाच बाजूला झुकावीत, तसं. रक्ताचं असेल म्हणावं, तर सुना? सुना तर बाहेरून आलेल्या. त्यांतल्या ज्या जुन्या होत्या, त्यांच्याही माना तशाच कलत्या. जावई नवीन असेल तर मान सरळ, जुना असेल तर कललेली. या एका बाईजवळ वर्षानुवर्षं बसून, तिचं ऐकून, तिच्यासारखं ऐकायला शिकून त्या माना झुकल्या होत्या. इतकी वर्षं मी मुलांना शिकवलं. माझ्या शिकवण्यातलं किती कुणात उतरलं असेल, देव जाणे. इथे कुणी काही शिकवलं नव्हतं, आणि शिकलं मात्र अख्खं घर होतं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

मी डोळा काढला आणि सहज शेजारी बघितलं. चष्मा धरलेली ती बाई समोरच्या शंभर जणांकडे पाहत होती. तिची मान डावीकडे कलली होती. जिजीची मान. तिथल्या कुठल्याही लेकीच्या मानेपेक्षा हुबेहूब.

"शंभल!" दातपडकी ओरडली.

"शंभर बरोबर," मी म्हणालो. "टाळ्या."

टाळ्या थांबल्यावर जिजीचा आवाज आला. बारीक, पण टाचणीसारखा.

"चुकलं."

"नाही जिजी," मी पुढे होऊन म्हणालो. "बावीस आणि अकरा तेहेतीस, पंधरा मिळवले अठ्ठेचाळीस, मग पासष्ट, ब्याऐंशी, आणि अठरा, शंभर. मुलीने अगदी बरोबर केलंय."

"बेरीज बरोबर असेल हो मास्तर. माणसं चुकलीत. मला धरून एकशे एक होतात. मी रोज सकाळी वेणी घालताना मोजते, माझं नाही चुकत." तिने मान आणखी थोडी कलती केली. "मधली कुठाय?"

फरशीवरचं एक पोर बोलायला गेलं तर त्याच्या आईने मागून त्याच्या खांद्यावर हात ठेवला. खुर्चीतल्या हिशेबी काकांनी खिशातली दोन्ही पेनं चाचपली.

शेजारची बाई हळूच म्हणाली, "मी इथेच आहे, जिजी. तुमचा चष्मा आहे माझ्याकडे."

"चष्मा धरायला मी काय खुंटी मागितली होती? तू तिथे कशाला?"

काका उठले. घसा खाकरून म्हणाले, "जिजी, मी सांगतो. मधल्या भावाची सोडचिठ्ठी होऊन बारा वर्षं झाली. कागदावर ती आता..." मग एकदम माझ्याकडे वळले. "तुमचं कार्डच तसं होतं, मास्तर! शंभराच्या वर एक गेला की तीन हजार जास्त. वर्गणी सगळ्यांकडून गोळा केलेली, कुणाकडे परत मागायची? कुणाला तरी गाळायला हवं होतं. बाळाला गाळू? आजारातून उठलेल्या आत्याला गाळू? जी काही बोलणार नाही तिला..." ते थांबले. आपण काय बोलून गेलो ते त्यांचं त्यांनाच ऐकू आलं असावं.

"काका, राहू द्या ना," मधली म्हणाली. "मला सांगितलं होतं त्यांनी, जिजी. मी हो म्हटलं. फोटोचं काय एवढं, मी दर गुरुवारी येतेच की तुम्हाला न्हाऊ घालायला."

एवढं म्हणताना तिची दोन बोटं चष्म्याच्या काडीवरून मागेपुढे फिरत होती. त्या बोटांकडे मला बघवेना. माझी चौकट, माझं सुवाच्य अक्षर, माझी गोल संख्या. मी कार्डाची एक प्रत नेहमी खिशात ठेवायचो. ती काढली आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "काकांचं काही चुकलं नाही. गणित मी चुकवलंय. शंभरापुढच्या माणसालाही ऐंशीच पडायला हवेत. माझ्या कार्डाने एका माणसावर अडतीस माणसांचं ओझं टाकलं." आणि मुलांकडे वळून म्हणालो, "बघा, मास्तरसुद्धा चुकतात. चुकलं की काय करायचं?"

"खोडायचं!" बावीस आवाज.

मी कार्ड फाडलं. पण लेक अजून कॅमेऱ्यातच बघत होती. खालच्या आवाजात म्हणाली, "बाबा, पैशांचं ठीक आहे. पण चौकट दोन्ही टोकांना भरलीय. रुंद लेन्स आणलेली नाही. कुणाचा तरी खांदा कापला जाईल. त्यांना उभं कुठे करू?"

जिजीचे कान मात्र चौऱ्याण्णवचे नव्हते. "माझ्या पाठीमागे," ती म्हणाली. "दर गुरुवारी तिथेच असते ती. केस काय समोरून विंचरते?"

मी पहिल्या पायरीकडे पाहिलं. जिजीच्या मागची हातभर जागा. तासाभरापूर्वी मी स्वतः राखली होती ती.

"पण आधी मला चष्मा," जिजी म्हणाली. "आणि माझी खुर्ची उचला. तिकडे कॅमेऱ्यापाशी न्या, आणि वळवा."

"फोटोला पाठ करून?" काका म्हणाले.

"अरे, सगळे एका जागी बघायचेत म्हटलं होतं ना मी? तुम्ही मला सगळ्यांच्या पुढे बसवलंत, तोंड दुसरीकडे करून. मी काय मास्तरांच्या लेकीला बघायला आले?"

दोन दांडग्या नातवांनी तिला खुर्चीसकट उचललं. मुलांनी वाट करून दिली. कॅमेऱ्याच्या चार पावलं पुढे खुर्ची टेकवली, पायऱ्यांकडे तोंड करून. मधलीने वाकून तिच्या कानांवर चष्मा चढवला, नाकावर नीट बसवला. जिजीने तिचं मनगट धरलं.

"आता जा. तिथे उभी राहा. मला दिसू दे."

मधली पायऱ्यांकडे निघाली. ती वीस पावलं चालायला तिला बराच वेळ लागला. दुसऱ्या पायरीवर मधला भाऊ बुटांकडे बघत उभा होता, त्याच्या शेजारी त्याची आताची बायको. मधली जवळ आली तशी त्या बाईने वरूनच हात पुढे केला आणि तिला पायरी चढायला आधार दिला. मधली त्या मोकळ्या जागेत उभी राहिली आणि वळली.

मग जिजीने बघायला सुरुवात केली.

खालून, डावीकडून. एकेका चेहऱ्यावर थांबत. तिचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. ती ज्याच्यापाशी यायची तो माणूस आपोआप ताठ व्हायचा, आणि ती पुढे गेली की त्याचे खांदे सैल पडायचे. ही ताठ होण्याची लाट रांगेतून सरकत गेली, टोकाला वळली, पुढच्या रांगेत चढली. बावीस मुलं होती, मी त्यांना काहीच काम दिलं नव्हतं, आणि एकही हललं नाही. कडेवरचं तान्हं बाळसुद्धा अंगठा तोंडात धरून त्या जाड काचांकडे टक लावून बसलं. वर्गात शांतता करायला मी आयुष्यभर किती युक्त्या केल्या! ही शांतता कुणी केलेली नव्हती. एक म्हातारी आपल्यातून निघालेलं आणि आपल्यात येऊन मिसळलेलं सगळं जग एकदा डोळ्यांखालून घालत होती, आणि ते जग मान कलती करून तिच्यापुढे उभं होतं. माझे पाय फरशीला खिळले होते. डोक्यावर टोपी नव्हती, असती तर मी ती काढली असती.

कॅमेऱ्याचा आवाज झाला तेव्हा कुणाचं लक्षही गेलं नाही.

"एकशे एक," जिजी शेवटी म्हणाली. "आता कुठे बसवायचं तिथे बसवा मला."

मग ठरलेला फोटोही निघाला, जिजी मध्ये, मधली मागे, सगळ्यांचे डोळे उघडे. निघताना काकांनी उरलेले चार हजार दिले आणि वर ऐंशी मोजून माझ्या हातावर ठेवले. मी नको म्हणणार होतो. त्यांचा चेहरा बघितला आणि मुकाट्याने घेतले. पावती नवी लिहिली : एकशे एक गुणिले ऐंशी. त्यांनी ती घडी न घालता खिशात ठेवली.

दोन्ही फोटो मोठे करून पोचवायला मी स्वतः गेलो. गुरुवार होता. जिजीचे केस ओले होते आणि मधली ते पुसत होती. ठरलेला फोटो जिजीने हातभर लांब धरून बघितला, "छान आहे," म्हणाली आणि बाजूला ठेवला. दुसऱ्यात तिची स्वतःची नुसती पाठ होती. शाल, पांढरा आंबाडा, खुर्चीचे हात. आणि समोर शंभर चेहरे, सगळे तिच्याकडे बघणारे. तो तिने मांडीवर घेतला, भिंग मागवलं आणि खालून डावीकडून बोट फिरवायला सुरुवात केली. पहिल्या पायरीच्या मध्यावर बोट थांबलं. तिथून ते बराच वेळ हललं नाही.

"मास्तर," तिने वर न बघता विचारलं, "केवढ्याला पडलं हो हे सगळं?"

"आठ हजार ऐंशी, जिजी."

"एवढी माणसं?" तिने मान कलती केली. मागे केस पुसणारीचीही मान कलली. "स्वस्तात दिलीत की."

काउंटरच्या काचेखाली आता दुसरं कार्ड आहे. त्यावर तासाचा दर लिहिलाय आणि फोटोच्या आकाराचा. किती जण येणार, हे आम्ही विचारतो, खुर्च्या मांडायच्या असतात म्हणून.